मधल्या दाराने आत

'डॉक्टर हू' ही मालिका बीबीसीवर 23 नोव्हेंबर 1963 रोजी सुरू झाली. 1989 ते 2005 या काळात, 1996चा एक चित्रपट सोडला तर, ती बंदच होती. तरीही आज तिचे आठशेहून जास्त भाग आहेत. डॉक्टर म्हणजे परग्रहावरचा एक भटक्या. निळ्या पोलीस-खोक्याच्या रूपातल्या टार्डिस नावाच्या यानातून तो काळात आणि अवकाशात हिंडतो, आणि मरायला टेकला की नवा देह, नवा चेहरा घेऊन पुन्हा उभा राहतो. एवढ्या पसाऱ्यात नवख्या माणसाने शिरायचं कुठून? मला वाट दाखवणारं माणूस वेळेवर भेटलं. त्या माणसाचं ऋण मोठं आहे.

2007च्या सप्टेंबरमध्ये मी अंबरनाथहून कार्डिफला गेले, तिथल्या एका रुग्णालयाच्या प्रयोगशाळेत नोकरी लागली म्हणून. रोथ भागात, भिंतीला भिंत लागून उभ्या असलेल्या घरांच्या रांगेतल्या एका घरात वरच्या मजल्यावर खोली मिळाली. घरमालकीणबाई निवृत्त शिक्षिका, एकट्याच राहणाऱ्या. नावानेच हाक मार, असं त्या म्हणाल्या. आईच्या वयाच्या बाईला नावाने हाक मारणं माझ्या जिभेला जमेना, म्हणून मी त्यांना मावशी म्हणू लागले आणि त्यांनीही ते आनंदाने चालवून घेतलं.

2005 पासून मालिकेची निर्मिती बीबीसी वेल्सकडे होती, म्हणजे आमच्या गावातच. साहजिकच प्रयोगशाळेत जेवणाच्या सुट्टीत विषय तोच. मी काहीच पाहिलेलं नाही म्हटल्यावर एका सहकाऱ्याने मला यादी करून दिली. आधी कोणती जुनी गोष्ट, मग कोणती, कोणत्या खलनायकाचा उगम कुठे आणि काय बघितल्याशिवाय काय कळणार नाही, सगळं तीत होतं. त्याची तळमळ खरी होती, पण ती यादी बघूनच माझा उत्साह मावळला.

मावशींना मी ती यादी दाखवली. त्यांनी ती वाचली, घडी करून मला परत दिली आणि 2005 सालचा 'रोझ' हा भाग लावला.

त्या निवडीतलं शहाणपण मला पुढे हळूहळू उमगलं. रोझ ही लंडनमधल्या कपड्यांच्या दुकानात काम करणारी पोरगी. एका संध्याकाळी दुकानाच्या तळघरात कपडे मांडायचे पुतळे हलायला लागतात, तिच्या अंगावर येतात. एवढ्यात कुणीतरी तिचा हात पकडतं आणि पळ म्हणतं. हा कोण, कुठला, तिला काही ठाऊक नसतं. मलाही नव्हतं. रसेल टी. डेव्हिस या लेखकाने बेचाळीस वर्षांचा इतिहास बाजूला ठेवून सगळी गोष्ट या मुलीच्या डोळ्यांनी सांगितली आहे. प्रेक्षकाला पडणारा प्रत्येक प्रश्न तीच विचारते. भाग संपला तेव्हा मावशी म्हणाल्या, "उद्या येताना क्वीन्स आर्केडमधून ये." लंडन म्हणून दाखवलेल्या बाजाराचं चित्रीकरण तिथेच झालं होतं. दुसऱ्या दिवशी कामावरून परतताना मी त्या दुकानांच्या काचांसमोरून गेले, आतल्या पुतळ्यांकडे नीट निरखून बघत. नव्या शहरातली एक जागा पहिल्यांदा ओळखीची वाटली.

मावशींची पद्धत अशी होती की पुढे जात राहायचं आणि जुन्याची भूक लागली तरच मागे वळायचं. त्या पुतळ्यांबद्दल मी दहा प्रश्न विचारले, तेव्हा कुठे त्यांनी 1970ची 'स्पिअरहेड फ्रॉम स्पेस' ही गोष्ट काढली. मालिकेतली ही पहिली रंगीत गोष्ट. त्यातही तेच पुतळे काचा फोडून रस्त्यावर येतात. पस्तीस वर्षांपूर्वी ज्या गोष्टीने पोरं घाबरली, तीच गोष्ट नव्या पोरांसमोर पुन्हा ठेवली होती. मावशींनी हे आधीच सांगितलं असतं तर ती नुसती माहिती झाली असती. तसंच 'स्कूल रियुनियन'चं. 2006च्या या भागात सारा जेन नावाची पोक्त पत्रकार डॉक्टरला पुन्हा भेटते. मावशींचे डोळे भरून आले आणि मला कारण कळेना. त्या काही बोलल्या नाहीत. पुढच्या आठवड्यात त्यांनी 1976ची 'द हँड ऑफ फिअर' दाखवली, तिच्या शेवटी डॉक्टर या साराला पृथ्वीवर सोडून निघून जातो. एलिझाबेथ स्लेडन ही तीच अभिनेत्री, तीस वर्षांनी त्याच भूमिकेत उभी होती. मग आम्ही 2006चा भाग पुन्हा लावला, आणि या वेळी डोळे पुसायची पाळी माझी होती.

2007च्या नोव्हेंबरच्या 22 तारखेला व्हेरिटी लँबर्ट गेल्या. मालिकेच्या या पहिल्या निर्मात्या. 1963 साली बीबीसीच्या नाट्यविभागात दुसरी बाई निर्माती नव्हती आणि त्या तर वयानेही सगळ्यांत लहान. बातमी वाचताना मावशी म्हणाल्या, "आणि पहिला दिग्दर्शक तुमच्याकडचा, लखनौचा." वारिस हुसेन. लेखिका अतिया हुसेन यांचे चिरंजीव, लहानपणीच इंग्लंडला आलेले, तेव्हा पंचविशीच्या आतले. एक तरुण बाई आणि एक हिंदुस्थानी पोरगा यांच्या हाती लाइम ग्रोव्हचा जुना, कोंदट स्टुडिओ दिलेला. पहिला प्रयत्न वरिष्ठांना पटला नाही, तेव्हा दोघांनी तो भाग पुन्हा चित्रित केला. तो प्रसारित झाला केनेडींच्या हत्येच्या दुसऱ्या दिवशी. कुणाचंच लक्ष ठिकाणावर नव्हतं, म्हणून पुढच्या शनिवारी दुसऱ्या भागाआधी तो पुन्हा दाखवावा लागला. हे सगळं ऐकेपर्यंत मला ती मालिका फक्त ब्रिटिशांची वाटत होती.

नाताळला मी एकटी आहे हे त्यांनी गृहीतच धरलं होतं आणि मला न विचारता ताट मांडलं होतं. त्या संध्याकाळी 'व्हॉयेज ऑफ द डॅम्ड' होता. ब्रिटनमध्ये 1 कोटी 30 लाखांहून जास्त लोकांनी तो भाग पाहिला. शेवटी पडद्यावर व्हेरिटी लँबर्ट यांच्या स्मृतीला तो अर्पण केल्याची पाटी आली. मावशींनी तेवढ्यापुरता आवाज बंद केला.

त्याच रात्री त्यांनी माळ्यावरून टेपरेकॉर्डरचं खोकं खाली काढलं. 1964 साली मुख्यतः वारिस हुसेन यांनी दिग्दर्शित केलेली 'मार्को पोलो' सात भागांत दाखवली गेली. त्या काळी टेप महाग म्हणून बीबीसी जुन्या टेपा पुसून वापरायची, फिल्मच्या प्रतीही नष्ट व्हायच्या. अशा रीतीने मालिकेचे नव्वदहून जास्त भाग हरवले. पण आवाज उरला, कारण देशभर काही घरांतली पोरं टीव्हीसमोर मायक्रोफोन धरून बसायची. मावशींचा धाकटा भाऊ त्यांतलाच एक. उशीवर मायक्रोफोन ठेवायचा आणि घरातल्या सगळ्यांना दमात घ्यायचा. तपकिरी फीत फिरू लागली, खरखर झाली, मार्कोचा आवाज आला. मध्येच मागून एका बाईने वेल्श भाषेत काहीतरी विचारलं आणि एका पोराने तिला चूप केलं. ती मावशींची आई, चहा हवा का म्हणून विचारत होती. तिच्या आवाजाची घरात दुसरी कुठलीही खूण नव्हती. मावशींनी फीत मागे घेऊन तेवढं मला दोनदा ऐकवलं.

पुढे मी घर बदललं, लग्न झालं, तरी नवा भाग त्यांच्याकडेच बघायचा हे ठरलेलं. 2010च्या 1 जानेवारीला डॉक्टरची भूमिका करणाऱ्या डेव्हिड टेनंटने निरोप घेतला तेव्हा मी रुसले. आता नवा येणारा मॅट स्मिथ मला नको होता. त्या म्हणाल्या, "1966ला मीही अशीच रडले होते." विल्यम हार्टनेलची प्रकृती ढासळली आणि पॅट्रिक ट्राउटन आला तेव्हाची गोष्ट. नट बदलायचा आणि तो बदल कथेतच बसवायचा, ही त्या वेळची अडचणीतून निघालेली तोड. माझ्या मते मालिका साठ वर्षं टिकली ती तिच्यामुळेच. दर काही वर्षांनी जुना प्रेक्षकही नवखा होतो आणि नवख्याला त्याच्या बरोबरीने बसता येतं.

11 नोव्हेंबर 2018 रोजी 'डेमन्स ऑफ द पंजाब' लागला. लेखक विनय पटेल. फाळणीच्या दिवशी प्रेम आणि उंब्रीन यांचं लग्न, एक हिंदू, एक मुसलमान, आणि प्रेमच्या जिवावर उठलेला जमाव घेऊन येणारा त्याचा सख्खा भाऊ. शेवटचं शीर्षकसंगीतही त्या दिवशी आपल्या पद्धतीच्या गायनात होतं. भाग संपल्यावर मावशींनी टीव्ही बंद केला आणि मला सांगायला सांगितलं. त्या रात्री प्रश्न त्यांचे आणि उत्तरं माझी. अंबरनाथच्या शेजारी युद्धकाळातल्या लष्करी छावणीत सिंधी निर्वासित आले आणि तिथेच उल्हासनगर वसलं, माझ्या वर्गातल्या मैत्रिणींच्या आज्या कराचीच्या घरांबद्दल बोलायच्या, हे मी आयुष्यात पहिल्यांदा कुणाला तरी सविस्तर सांगितलं. मालिकेतून जे त्यांनी मला दिलं त्याची ही थोडी परतफेड, असं तेव्हा वाटलं होतं.

मावशी आता नाहीत. टेपा त्यांच्या भावाकडे आहेत. माझ्या भाच्या, मैत्रिणींची मुलं, प्रयोगशाळेत नव्याने आलेली केरळची एक मुलगी, या सगळ्यांना मी त्यांच्याच पद्धतीने मालिकेत आणलं आहे. तुम्हालाही सांगते. 1963 पासून क्रमाने लावू नका, कुणाची यादी घेऊ नका. 'रोझ' लावा. पुतळ्यांची भीती वाटली तर 1970ला जा, नाही वाटली तर पुढे चला. 'मार्को पोलो' मात्र शेवटी ठेवा. तिच्या सातही भागांची चित्रं अजून सापडलेली नाहीत, आवाज तेवढा पूर्ण आहे.