दिव्यावरचे माहो

दिवाळीच्या दिवसांत भिलाईच्या नेहरू नगरातले व्हरांडे हिरव्या किड्यांनी भरून जातात. ट्यूबलाइटभोवती, पणतीच्या तेलात, रांगोळीवर, फराळाच्या ताटात, जिकडे पाहावं तिकडे तेच. इथले लोक त्यांना माहो म्हणतात, आमच्या माहेरी भंडाऱ्याकडे तुडतुडे. कामवाली बाई सकाळी सुपलीभर मेलेले माहो झाडून काढते आणि शेजारच्या वहिनी दर वर्षी मला विचारतात, "ताई, तुम्ही किड्यांच्या डॉक्टर ना? यांचं काही तरी करा."

करण्याआधी एकदा नीट पाहावं, असं मी त्यांना सांगते. भिंतीवर बसलेला माहो चार-पाच मिलिमीटरचा असतो. अंग पोपटी हिरवं, नराच्या पंखांच्या टोकांना काळा ठिपका. बोट जवळ नेलं तर तो आधी तिरका सरकतो आणि मग उडी मारतो. तोंडाच्या जागी सुईसारखी सोंड असते. ती धानाच्या पानात खुपसून तो रस पितो. व्हरांड्यात त्याला पिण्यासारखं काहीच नाही. इथे आला म्हणजे त्याचा अंतच, हे ठरलेलं.

मग येतो कशाला? आमच्या वस्तीच्या एका अंगाला दुर्ग, दुसऱ्या अंगाला भिलाईचा पोलाद कारखाना आणि मधून जी. ई. रोड जातो. कारखान्याची पहिली झोतभट्टी 1959 साली पेटली तेव्हा नागपूर-भंडाऱ्याकडची कितीतरी मराठी कुटुंबं नोकरीसाठी इथे आली. शहर वाढलं, पण पाटण आणि धमधा तालुक्यांतली धानाची शेतं अजूनही फार लांब नाहीत. अश्विनाच्या अखेरीस धान पिवळं पडू लागतं आणि पानातला रस आटतो. श्रावणापासून तिथे पिढ्यांवर पिढ्या वाढवलेल्या माहोंना नवी हिरवी जागा शोधावी लागते. ते रात्री उडतात, आणि नेमकी अमावास्या असते. चांदण्या रात्री दिव्यावर किडे कमी येतात, हे प्रकाश-सापळे लावणाऱ्या कोणालाही ठाऊक असतं. अंधारात आमचे दिवेच तेवढे उजळ. किडा दिव्यावर भाळतो, अशी आपली जुनी समजूत. 2024 साली प्रसिद्ध झालेल्या एका संशोधनात अतिवेगवान कॅमेऱ्यांनी वेगळंच दाखवलं. रात्रीचं आकाश जमिनीपेक्षा उजळ असतं, म्हणून उडणारा किडा पाठ उजेडाकडे ठेवून तोल सांभाळतो. दिवा बाजूला असला की पाठ तिकडे वळते आणि तो दिव्याभोवती फिरतच राहतो. त्याला सुटता येत नाही.

आपल्या पूर्वजांनी पणत्या लावण्याची प्रथा किडी मारण्यासाठीच पाडली, असा मजकूर हल्ली दर दिवाळीला मोबाइलवर फिरतो. मला तो पटत नाही. दिव्यावर मरणारे माहो शेतातल्या माहोंच्या मानाने नगण्य असतात, आणि ते येतात तेही पिकाचं नुकसान करून झाल्यावर. शिवाय दिवा शत्रू-मित्र ओळखत नाही. माहोंची अंडी खाणारे ढेकूण आणि गांधीलमाशीच्या कुळातले सूक्ष्म कीटकही त्यावर मरतात. माहो आवरणारी व्यवस्था दुसरी आहे. ती शेतात आहे, आणि मला लिहायचं आहे ते तिच्याबद्दल.

जीवशास्त्रज्ञ हेकेलने 1866 साली सजीव आणि त्यांचा परिसर यांच्या संबंधांच्या अभ्यासाला ‘इकॉलॉजी’ हे नाव दिलं. टान्सलीने 1935 मध्ये परिसंस्थेची कल्पना मांडली. सजीव आणि निर्जीव मिळून एकच घडण, मुळातून विचार करायचा तर सजीवांना त्यांच्या परिसरापासून वेगळं काढता येत नाही, असं त्याचं म्हणणं. पुस्तकात हे वाचायला सोपं असतं. मला ते खरं कळलं धानाच्या बांधीत, म्हणजे बांध घातलेल्या शेतात, गुडघाभर चिखलात उभं राहून.

पाऊस पडला की बांधीत पाणी साचतं. तळाशी मागच्या पिकाची धसकटं, शेणखत, कुजलेला पाला असतो. त्यावर जिवाणू आणि शेवाळ वाढतं, ते खायला चिलटांच्या अळ्या येतात. या चिलटांचा धानाशी काही संबंध नाही. ती ना रस पितात, ना पान खातात. पण रोपं वितभर असताना, माहोंचा पत्ताही नसताना, बांधीतले कोळी याच चिलटांवर जगतात आणि पिल्लं वाढवतात. जावा बेटावरच्या शेतांमध्ये 1990च्या दशकात हे काळजीपूर्वक मोजलं गेलं. माहो येईपर्यंत कोळ्यांची फौज तयार असते, ती चिखलातल्या कुजक्या पाल्याच्या जिवावर. धानाच्या बुंध्याशी पाण्यावरून पळणारा लांडगा-कोळी दिवसाला पाच ते पंधरा तुडतुडे फस्त करतो. पाणी, कुजकं, चिलट, कोळी, माहो, धान. यातलं चिलट काढून टाका, नुकसान धानाचं होतं. इतका आडवळणाचा संबंध बांधावर उभं राहून दिसत नाही. वाकून पाण्यात पाहावं लागतं.

आणि फवारणी नेमकं हे चिलटच काढून टाकते. रोपं लागली की पंधरा-वीस दिवसांत "सुरक्षेसाठी" पहिली फवारणी द्यायची, अशी सवय पडली आहे. चिलटं मरतात, कोळी मरतात. पुढे माहो आले की दुसरी फवारणी. माहोंची अंडी पानाच्या खोळीत, उतींच्या आत घातलेली असतात. त्यांना विष लागत नाही. काही दिवसांनी पिल्लं बाहेर पडतात तेव्हा त्यांना खाणारं कोणी उरलेलं नसतं. युरिया जास्त पडला असेल तर रस त्यांना आणखी मानवतो. फिलिपिन्समध्ये पीटर केनमोर यांनी तपकिरी तुडतुड्यांवर काम करताना दाखवून दिलं की फवारलेल्या शेतात तुडतुडे वाढतात आणि न फवारलेल्यात आटोक्यात राहतात. इंडोनेशियाने 1986 साली भातावरच्या 57 कीटकनाशकांवर बंदी घातली आणि पुढच्या दोन-तीन वर्षांत औषधांवरची सरकारी सूटही काढून घेतली. तांदूळ कमी पिकला नाही. आपल्याकडे हा धडा अजून बांधापर्यंत पोचलेला नाही, याचं मला दुःख होतं. कृषिसेवा केंद्रात बाटली मिळते, कोळी मिळत नाही.

छत्तीसगढच्या शेतकऱ्याला संबंधांचं हे ज्ञान नव्हतं असं नाही. इथे जमिनीच्या चार जाती प्रत्येक जण सांगतो. उंचावरची खडकाळ भाठा, मग मटासी, मग डोरसा आणि सखलातली काळी, चिकट कन्हार. एकाच गावाच्या उतारावर या चारही सापडतात आणि प्रत्येकीचं धान वेगळं. भाठ्यावर पाणी टिकत नाही म्हणून लवकर पिकणारं, कन्हारात उशिराचं. डॉ. आर. एच. रिछारिया यांनी रायपूरला बसून या भागातल्या धानाचे हजारो वाण गोळा केले. आज इंदिरा गांधी कृषी विद्यापीठाच्या संग्रहात 23 हजारांवर नमुने आहेत. एका गावात दहा वाण वेगवेगळ्या वेळी पिकत तेव्हा माहोंना एकदम एवढी मोठी पंगत मिळत नसे. आता मैलोन्‌मैल एकच वाण एकाच आठवड्यात हिरवा असतो आणि एकाच आठवड्यात पिवळा पडतो.

दिवाळीत इथल्या दारांवर धानाच्या लोंब्यांची विणलेली झालर टांगतात. तिला फाता म्हणतात, कोणी चिरई चुगनी. बायका बाजारात ती विकायला आणतात आणि नेहरू नगरातल्या फ्लॅटवाल्यांनाही ती हवी असते. पाखरांना नव्या धानाचा पहिला वाटा देण्याची ही रीत मला फार प्रिय आहे. आमच्या दारावर दोन जातींची पाखरं येतात, चिमण्या आणि मनोल्या. दोघीही एकाच लोंबीतून दाणे टिपतात, म्हणजे दोघींची गरज एकच, असं वाटेल. पण मनोली पिल्लांनाही मुख्यतः कोवळं, दुधाळ बीच भरवते. तिला जवळपास बी धरलेलं गवत असलं की पुरतं. चिमणीचं पिल्लू पहिले काही दिवस दाण्यावर जगत नाही. त्याला अळ्या, नाकतोडे, मऊ किडे लागतात. कापलेली हिरवळ, फरसबंद अंगण आणि महिन्याला फवारणी असलेल्या वस्तीत किडे नाहीत. तिथे फाता कितीही मोठा टांगला तरी चिमणीचं घरटं भरत नाही. आईला जेवण मिळतं, पिल्लाला नाही. शेजारच्या वहिनींना हे सांगितलं तेव्हा त्यांनी कुंपणाकडेचा गवताचा पट्टा कापणं थांबवलं. सोसायटीच्या बैठकीत त्यावरून बरंच बोलणं झालं, पण पट्टा राहिला.

माहोंसाठी मात्र त्यांना मी एवढंच सुचवते: बाहेरचा पांढरा एलईडी काढून पिवळा, मंद दिवा लावा, पणत्या हव्या तेवढ्या ठेवा. निळसर पांढऱ्या उजेडाकडे किडे जास्त येतात.

बाकीचं काम बांधावर आहे. माहोंच्या अंड्यांत आपली अंडी घालणारे इवले कीटक एक मिलिमीटरपेक्षाही लहान असतात आणि मोठेपणी त्यांना मधुरस लागतो. धानात तो मिळत नाही. चीन, थायलंड आणि व्हिएतनाममध्ये बांधांवर तीळ आणि इतर फुलझाडं लावून पाहिली. 2016 साली प्रसिद्ध झालेल्या निष्कर्षांनुसार तिथे फवारणी 70 टक्क्यांनी घटली आणि उत्पादन 5 टक्के वाढलं. आमच्याकडे बांधावर राहेर, म्हणजे तूर, लावण्याची जुनी रीत आहेच. ती डाळीसाठी चांगली, पण या कामाला उशिरा पडते. तूर फुलते तोवर धान कापणीला आलेलं असतं. तीळ श्रावण-भाद्रपदात फुलतो, माहो पानांच्या खोळीत अंडी घालत असतात तेव्हाच. पाटणकडच्या ओळखीच्या शेतकऱ्यांना मी म्हणते, एका बांधीच्या दोन बाजूंना तूर राहू द्या, उरलेल्या दोन बाजूंना तीळ टाका, आणि त्या बांधीत पहिले चाळीस दिवस बाटली उघडू नका.