केडगावची 'मुक्ती'

पुणे स्टेशनहून दौंडकडे जाणारी गाडी लोणी, उरुळी, यवत अशी जागोजागी दम घेत जाते. दोन्ही बाजूंना ऊस आणि मधूनच एखाद्या गुऱ्हाळाचा गोडसर वास. केडगावला उतरलं की रिक्षावाला विचारतो, "बेटावर का मिशनात?" बेट म्हणजे नारायण महाराजांचं दत्ताचं ठिकाण. आमच्या सासरची मंडळी वर्षानुवर्षं तिथंच जात आली. गेल्या दिवाळीच्या सुट्टीत मी मात्र पहिल्यांदाच "मिशनात" म्हटलं आणि उगाच इकडंतिकडं पाहिलं, कुणी ओळखीचं नाही ना!

बरोबर आमच्या शाळेतल्या शिवणाच्या बाई होत्या. त्या ख्रिस्ती. त्यांची पणजी इथं पंडिता रमाबाईंच्या 'मुक्ती सदना'त वाढली. दरवर्षी त्या एकदा तरी इथं येतात. या वेळी म्हणाल्या, "बाई, तुम्ही चलाच. तुमच्या मनात काहीतरी अडकलंय." खरं सांगायचं तर मी त्यांना काहीच सांगितलं नव्हतं. पण रोज एका टेबलावर डबा खाणाऱ्या बाईपासून काय लपतं?

तीन वर्षांपूर्वीच्या संक्रांतीची गोष्ट. आमच्याकडे हळदीकुंकू होतं. माझ्या मोठ्या जाऊबाई, ज्यांना आम्ही अक्का म्हणतो, त्या वर्षीच विधवा झाल्या होत्या. बायका यायच्या वेळेला मी त्यांना म्हटलं, "अक्का, तुम्ही जरा आतलं तिळगुळाचं बघता का?" त्या समजल्या आणि आत गेल्या. थोड्या वेळानं माझी धाकटी लेक कुंकवाची कोयरी घेऊन आत निघाली. "काकूला लावायचं राहिलं," म्हणाली. मी सगळ्यांदेखत तिच्या हातातून कोयरी हिसकावली. दार अर्धवट उघडं होतं. अक्कांनी ते आतून हळूच लोटून घेतलं.

त्यानंतर मी काय काय केलं! अक्कांना साडी घेतली, पंढरपूरला नेऊन आणलं, गुरुवार धरले. एक तेवढं केलं नाही. त्या दिवसाबद्दल त्यांच्याशी चकार शब्द काढला नाही.

मिशनच्या फाटकातून आत गेलं की झाडांची सावली लागते. रस्त्यावरचा आवाज मागं पडतो. समोर मोठं दगडी प्रार्थनामंदिर, आजूबाजूला राहण्याची घरं. निराधार बायका-मुलींना इथं आजही आसरा मिळतो. आम्ही गेलो तेव्हा काही मुली दोरीवर कपडे वाळत घालत होत्या आणि आमच्याकडं बघून खुसूखुसू हसत होत्या. मला वाटलं होतं तसं उदासवाणं इथं काहीच नव्हतं.

रमाबाईंची कथा आपण शाळेत चार ओळींत शिकतो. १८५८ चा जन्म. वडील अनंतशास्त्री डोंगरे यांनी लोकांचा रोष पत्करून बायकोला आणि मुलीला संस्कृत शिकवलं. आईवडील आणि बहीण उपासमारीच्या दिवसांत गेली. भावाबरोबर पायी हिंडत रमाबाई १८७८ मध्ये कलकत्त्याला पोचल्या. तिथल्या विद्वानांनी त्यांना 'पंडिता' आणि 'सरस्वती' म्हटलं. १८८० मध्ये लग्न, १८८२ मध्ये वैधव्य, पदरात लहानगी मनोरमा. १८८३ मध्ये त्या इंग्लंडला गेल्या आणि त्याच वर्षी ख्रिस्ती झाल्या.

हे का घडलं, ते मला त्या दिवशी शिवणाच्या बाईंकडून कळलं. लंडनमध्ये फुलहॅम इथं ख्रिस्ती भगिनी वाट चुकलेल्या बायकांना सांभाळत, प्रेमानं वागवत. आपल्याकडे अशा बाईला सावलीलाही कुणी उभं करत नसे. रमाबाईंनी विचारलं, तुम्हाला हे कसं सुचतं? तेव्हा एका भगिनीनं त्यांना शोमरोनी बाईची गोष्ट वाचून दाखवली. पाच नवरे झालेली ती बाई भर दुपारी विहिरीवर येते आणि येशू तिच्याजवळ पाणी मागतो. तिचं सगळं आयुष्य त्याला ठाऊक असतं, तरी तो तिला हाकलत नाही. बाई म्हणाल्या, "भर दुपारी पाण्याला कोण जातं, बाई? जिला इतर बायका बरोबर घेत नाहीत ती." माझ्या डोळ्यांपुढं आमचं लोटलेलं दार आलं.

रमाबाईंनी १८८९ मध्ये मुंबईत 'शारदा सदन' काढलं, ते पुढच्या वर्षी पुण्याला आणलं. पुढं बाया कर्वे म्हणून नावाजलेल्या आनंदीबाई तिथंच शिकल्या. १८९३ मध्ये धर्मांतरावरून पुण्यात मोठं वादळ उठलं आणि अनेक मोठी माणसं सदनापासून दूर झाली. तो वाद आजही पुरता मिटलेला नाही. पण १८९६-९७ च्या दुष्काळात रमाबाई मध्य प्रांतातून उपाशी मुली-बायका घेऊन आल्या आणि केडगावच्या या माळावर त्यांना घर दिलं, हे कुणालाच नाकारता येत नाही. १९०० च्या सुमारास इथं दीड हजार माणसं होती.

पणजी त्याच काळातली. आठ वर्षांची बालविधवा. "नवऱ्याला खाल्लंस" एवढंच तिनं ऐकलेलं. इथं आल्यावर कितीतरी दिवस ती पंगतीच्या शेवटी, हातभर अंतर सोडून बसे. आपली सावली दुसरीच्या ताटावर पडू नये म्हणून! कुणीतरी तिला रोज न बोलता पुढं सरकवी. तिला सांगितलं गेलं, की तुझ्या नवऱ्याचं मरण हे तुझं पाप नाही, देवानं ते तुझ्या खाती लिहिलेलंच नाही. पुढं म्हातारपणी ती सांगे, "त्या दिवशी मी पहिल्यांदा पोटभर जेवले."

मी म्हटलं, "तिचं बरोबर आहे. तिचा दोष नव्हताच. पण जिचा दोष खरंच आहे तिनं काय करायचं?"

बाई जरा थांबल्या. मग म्हणाल्या, "रमाबाईंनाही ते लगेच गवसलं नव्हतं. बाप्तिस्म्यानंतर आठ वर्षांनी त्यांच्या लक्षात आलं, की आपल्याला ख्रिस्ती धर्म मिळाला, ख्रिस्त मिळालाच नाही. तोवर मनावरचं ओझं तसंच होतं. चांगली कामं करून ते उतरत नाही. आम्ही मानतो, की आमच्या पापाचं मोल येशूनं क्रुसावर दिलं. आपण फक्त 'हो, मी केलं' असं म्हणायचं आणि क्षमा पदरात घ्यायची. पण तीच तर फार अवघड! साडी देणं सोपं असतं."

मी चमकले. साडीचं यांना कुणी सांगितलं? कुणीच नाही. आपण सगळ्या बायका साड्याच देतो.

निघताना त्या एवढंच म्हणाल्या, की देवापुढं अर्पण ठेवण्याआधी, जिचं मन दुखावलं तिच्याशी आधी समेट कर, असंही येशूनंच सांगून ठेवलंय.

रमाबाईंनी इथं बसून हिब्रू आणि ग्रीक शिकून सबंध बायबल मराठीत आणलं, साध्या बाईलाही कळावं म्हणून. सदनातल्या बायकांनीच ते छापलं. १९२१ मध्ये मनोरमा गेली, ५ एप्रिल १९२२ ला रमाबाई. पुस्तक १९२४ मध्ये बाहेर आलं. त्यांच्या समाधीपाशी मी हात जोडले. मी ख्रिस्ती झाले नाही, संध्याकाळी घरी दिवा लावला तोही नेहमीच्याच देवापुढं. पण दिवा लावायच्या आधी स्वयंपाकघरात गेले.

अक्का मेथी निवडत होत्या. मी समोर बसले आणि म्हटलं, "अक्का, त्या संक्रांतीला मी कोयरी हिसकावली. फार वाईट वागले मी." कारणं तोंडापर्यंत आली होती: सासूबाई, शेजारणी, रीत. ती गिळली.

त्यांनी मान वर केली नाही. बऱ्याच वेळानं म्हणाल्या, "मला वाटलं, तुझ्या लक्षातही नाही." मग डोळे पुसून जुडी माझ्यापुढं सरकवली. "निवड. आणि पुढच्या वेळी मला आत बसवू नकोस म्हणजे झालं."

२०२२ मध्ये कोल्हापूर जिल्ह्यातल्या हेरवाड ग्रामपंचायतीनं विधवा प्रथा बंद करण्याचा ठराव केला. वर्तमानपत्रात वाचून आपण सगळ्यांनी वा वा केलं. पण घराघरातलं ते दार कुठल्या ठरावानं उघडणार? ते जिनं लोटायला लावलं तिलाच उघडावं लागतं.

या संक्रांतीला तिळगुळाचं ताट अक्कांच्या हातात होतं, बाहेरच्या खोलीत. लेकीनं विचारलं, "काकू, लावू?" त्या म्हणाल्या, "हळद लाव. कुंकवाचं माझं मी बघेन." दोघीचौघींनी एकमेकींकडं पाहिलं. मी चहाचे कप भरत राहिले. तीन वर्षांत पहिल्यांदाच माझा हात थरथरला नाही.