पदराआडची गाठ

मराठी शिकवून पोट भरणाऱ्या माणसाला शब्दांची भीती वाटू नये, अशी लोकांची अपेक्षा असते. आणि वर्गात मी ती बऱ्यापैकी पुरी करतो. शृंगारिक लावणी शिकवताना मागच्या बाकांवर कितीही खसखस पिकली, तरी माझी मान खाली जात नाही. पण घरी, चारचौघांत, एक साधा दोन अक्षरी शब्द मला कित्येक महिने उच्चारता आला नाही. तो शब्द म्हणजे स्तन.

या बाबतीत आपल्या भाषेने आपली मोठीच सोय करून ठेवली आहे. मूल आईच्या 'अंगावर' पिते. बाईला त्या जागी काही खुपले, तर ती 'छातीत' दुखते म्हणून सांगते, आणि घरची माणसे तिला घेऊन हृदयाच्या डॉक्टरकडे धावतात! आणि 'गाठ' हा शब्द तर पाहा! लग्नाची गाठ, मित्राची गाठ, मनाशी बांधलेली खूणगाठ. कोशात किती मंगल दिसतो हा शब्द! आमच्या घरात मात्र तो आला, तो पदराआडून आला आणि सात महिने तिथेच लपून बसला.

२०२३ सालची नरकचतुर्दशी. आमच्या डोंबिवलीच्या तीन खोल्यांत पहाटेपासून उटण्याचा वास दरवळत होता. धाकटी बहीण माहेरपणाला आली होती. सगळ्यांना तेल लावून झाल्यावर ती आईला म्हणाली, "आता तू बस पाटावर. दरवर्षी तूच सगळ्यांना लावतेस." आई नको नको म्हणत होती, तरी हिने तिला बसवलेच. खांद्यावरून तिचा हात काखेकडे गेला आणि आईने तो एकदम झिडकारला. बहिणीच्या बोटांना जे लागायचे ते लागलेच होते.

"काही नाही गं, लहानशी गाठ आहे. चैत्रापासून आहे. दुखत नाही मुळीच."

दुखत नाही! या दोन शब्दांनी किती घरांना फसवले असेल, कोण जाणे. साधा गळू आपल्याला रात्रभर झोपू देत नाही, आणि ही गाठ बहुधा दुखतच नाही. नंतर डॉक्टरबाई म्हणाल्या, "दुखली असती तर तुम्ही सात महिने आधी आला असता."

सात महिने आईने काय केले? चैत्रात भाच्याचे लग्न होते; आषाढात नातीचे कॉलेजचे प्रवेश होते; भाद्रपदात घरचा गणपती होता; मग दिवाळी आलीच. "सणासुदीला कुठं काढायचं असलं काही?" हे तिचे उत्तर. आपल्या घरांत बाईच्या आजारपणाला कधी मुहूर्तच लागत नाही, हेच खरे.

मग तपासण्यांचे सत्र सुरू झाले. स्तनाचा एक्स-रे झाला. सुई टोचून गाठीचा तुकडा काढायचा ठरला, तेव्हा एका नातेवाइकांनी आम्हाला बजावले, "सुई लागली की तो पसरतो हं!" डॉक्टरबाईंनी शांतपणे समजावून सांगितले, की असे काही होत नाही, गाठ कोणत्या जातीची आहे हे कळल्याशिवाय औषध ठरवणे म्हणजे पत्ता न लिहिता पत्र टाकणे. बाबा पोस्टातून निवृत्त झालेले. त्यांना ही उपमा इतकी पटली, की त्या दिवसापासून डॉक्टरबाईंवर त्यांचा पूर्ण विश्वास बसला.

निदान तेच निघाले. काखेतल्या दोन-तीन ग्रंथींपर्यंतही ते पोचले होते. आता एक प्रसंग लिहायचा आहे. तो लिहावा की नाही, याचा मी पुष्कळ विचार केला. पण तो वगळला तर या लेखाला काही अर्थच उरणार नाही.

डॉक्टरबाईंच्या खोलीत आम्ही पाच जण बसलो होतो. त्यांनी कागदावर आकृती काढली आणि म्हणाल्या, "संपूर्ण स्तन काढता येईल, किंवा फक्त गाठ आणि काखेतल्या ग्रंथी काढून पुढे किरणं देता येतील. आजींच्या बाबतीत दोन्ही शक्य आहे."

मी ताबडतोब म्हणालो, "या वयात ठेवून काय करायचंय, डॉक्टर? काढूनच टाका. उगीच धोका नको."

बाबांनी मान डोलावली. आई पदराच्या टोकाशी चाळा करीत खाली पाहत होती. डॉक्टरबाईंनी माझ्याकडे पाहिले आणि अगदी सौम्यपणे म्हणाल्या, "तुम्ही सगळे पाच मिनिटं बाहेर थांबता का? मला आजींशी बोलायचं आहे."

पाचाची पंधरा मिनिटे झाली. आम्हाला आत बोलावले तेव्हा आईचे डोळे ओले होते, पण मान ताठ होती. "आजींची इच्छा आहे, की शक्य असेल तर स्तन राहावा," डॉक्टरबाई म्हणाल्या. "आणि त्यात वेडेपणा काही नाही." मग त्यांनी सांगितले ते असे. एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस हॉल्स्टेड नावाच्या अमेरिकन शल्यविशारदाने स्तनाबरोबर छातीचे स्नायूही काढण्याची पद्धत रूढ केली. जितके जास्त कापावे तितका रोगी सुरक्षित, अशी समजूत पाऊणशे वर्षे टिकली. पुढे अमेरिकेत बर्नार्ड फिशर आणि इटलीत उंबेर्तो वेरोनेसी यांनी बायकांच्या दोन्ही गटांची वीस-वीस वर्षे नोंद ठेवली. २००२ साली दोघांचेही निष्कर्ष प्रसिद्ध झाले. योग्य रुग्णांत, गाठ काढून किरणे दिली काय आणि सगळा स्तन काढला काय, आयुर्मानात फरक पडत नव्हता. म्हणजे ज्याला मी 'धोका' म्हणत होतो, ते माझे अज्ञान होते.

घरी येईपर्यंत कोणी कोणाशी बोलले नाही. रात्री भांडी आवरताना माझ्या पत्नीने हलकेच विचारले, "आई, तुम्हाला असं का वाटलं?" आई म्हणाली, "अगं, माझं आहे ना ते!"

मी बाहेरच्या खोलीत उत्तरपत्रिका तपासत होतो. ते वाक्य कानावर पडले आणि लाल पेन्सिल हातातच राहिली. सत्तरीच्या उंबरठ्यावरच्या त्या बाईचे स्वतःचे असे घरात होते तरी काय? घर बाबांच्या नावावर, दूरदर्शन संच नातीच्या ताब्यात, सकाळचे वर्तमानपत्र आधी माझे. कपाटातल्या साड्यासुद्धा 'कोणाला द्यायच्या' या हिशेबाने घडी घातलेल्या. एक देह तेवढा तिचा होता, आणि त्याचाही निकाल मी तिला न विचारता लावून टाकला होता. मी, जो याच देहावर वाढलो!

डिसेंबरात शस्त्रक्रिया झाली. जखमेतले पाणी जाण्यासाठी एक नळी आणि तिला जोडलेली बाटली दिली होती. ती लपवायला पत्नीने जुन्या इरकली साडीचा बटवा शिवला. आई तो खांद्याला लावून घरभर हिंडे, आणि "बाजारात निघाले हो!" म्हणून आम्हालाच हसवी. काखेतल्या ग्रंथी काढल्या की हात आखडतो आणि सुजण्याची भीती असते. म्हणून रोज भिंतीवर बोटांनी वर वर चढायचा व्यायाम सांगितला होता. आमच्या स्वयंपाकघराच्या दाराशेजारी नातीच्या उंचीच्या पेन्सिलखुणा आहेत, तिच्या दुसऱ्या वर्षापासूनच्या. त्यांच्याच शेजारी आईच्या बोटांच्या खुणा होऊ लागल्या. पहिली खूण नातीच्या चौथ्या वर्षाशी होती. "आज मी पाचवीत गेले," आई सांगे.

नवीन वर्षाबरोबर केमोथेरपी आली. पहिली चार सलाइने तीन-तीन आठवड्यांनी, पुढची बारा दर आठवड्याला. पहिल्या औषधांतले एक चक्क लालभडक असते, पळीतल्या कुंकवाच्या पाण्यासारखे! बाबांनी पोस्टातल्या शिस्तीने एक वही घातली: वार, वेळ, ताप, काय खाल्ले, काय उलटून पडले. औषधानंतर आठवडा-दोन आठवडे रक्तातल्या पांढऱ्या पेशी कमी होतात. तेव्हा ताप १००.४ अंशांवर गेला तर सकाळची वाट न पाहता रुग्णालय गाठायचे, हा नियम त्यांनी वहीच्या पहिल्या पानावर लाल शाईने लिहिला. एका रात्री दोन वाजता तो नियम पाळावा लागला. चार दिवस शिरेतून प्रतिजैविके दिली आणि आई परत आली. ती वही नसती, तर आम्ही कपाळावर मिठाच्या पाण्याच्या घड्या ठेवत पहाट केली असती.

माझ्याकडे पाहुण्यांचे खाते होते. कॅन्सरच्या रोग्याकडे येणारा पाहुणा सहसा रिकाम्या हाताने येत नाही. कोणी गव्हांकुरांचा रस आणतो, कोणी गोमूत्राचा अर्क, आणि ज्याच्याकडे यातले काही नसते, तो आपल्या एखाद्या दिवंगत मावशीची हकीकत आणतो. मी दारातच विचारी, "सर्दी-खोकला नाही ना?" उत्तर 'नाही' आले, तरी हकीकती चपलांशेजारी ठेवायला लावी. चार माणसे रागावली. पण आईची दुपारची झोप टिकली.

केसांचा प्रश्न मात्र सोपा नव्हता. तिसऱ्या आठवड्यात उशीवर केसांचे पुंजके दिसू लागले. नात म्हणाली, "आजी, पुन्हा येतात गं, आणि हल्ली फॅशन आहे." आई बोलली नाही. ती का बोलत नाही, हे आमच्यापैकी फक्त बाबांना कळले. आईची आजी विधवा होती. लाल आलवणातली, न्हाव्यापुढे बसवलेली. आईने ते लहानपणी डोळ्यांनी पाहिले होते. नवरा हयात असताना बाईचे डोके उघडे होणे, हा तिला सौंदर्याचा प्रश्न वाटत नव्हता. तो तिला बाबांवर आलेला अपशकुन वाटत होता.

त्या दिवशी उरलेले केस नातीने कातरले. आई आरशाकडे पाठ करून बसली. बाबा देवघरातून कुंकवाचा करंडा घेऊन आले आणि तिच्यासमोर धरून म्हणाले, "लाव. मी जिवंत आहे हे केसांवरून ठरत नाही." पन्नास वर्षांच्या संसारात ज्यांनी तिच्या साडीचा रंग कधी पाहिला नसेल, ते बाबा पुढचे सहा महिने रोज सकाळी करंडा धरून उभे राहिले. चहाही तेच करू लागले. तो चांगला होत नसे. पण आई तो पुरा पिई.

इथे आणखी एक कबुली. 'आम्ही सगळ्यांनी केले' असे म्हणायला बरे वाटते. पण मोजले तर निम्मे काम माझ्या पत्नीने केले. तिची रजा संपली आणि माझी शिल्लक राहिली, हे आम्हाला जूनमध्ये लक्षात आले. मग वेळापत्रक केले. किरणोपचाराचे तीन आठवडे आईला मी नेले. दुपारच्या कमी गर्दीच्या लोकलने पंधरा वेळा गेलो, पंधरा वेळा आलो. यंत्राखाली पाच-दहा मिनिटे, आणि प्रवास चार तासांचा! पण त्या प्रवासांत आईने मला जितके सांगितले, तितके मागच्या वीस वर्षांत सांगितले नव्हते. मुंब्र्याच्या खाडीवर एकदा म्हणाली, "तू पटकन 'काढून टाका' म्हणालास ना, तेव्हा मला वाईट वाटलं. पण भीतीनं बोललास, हे कळलं मला." मी खिडकीबाहेर पाहत राहिलो. क्षमा मागायलाही मला शब्द सापडला नाही. भाषेचा प्राध्यापक!

शब्द सापडला तो आईलाच. उपचार संपले; रोज एक गोळी तेवढी उरली, ती पाच वर्षे घ्यायची. २०२४ च्या श्रावणात तिच्या भजनी मंडळाच्या बायका भेटायला आल्या. आजवर त्यांना 'लहानसं ऑपरेशन' एवढेच माहीत होते. चहा झाल्यावर आई म्हणाली, "मला स्तनाचा कॅन्सर झाला होता. मी सात महिने लपवला. तुम्ही लपवू नका." खोलीत शांतता पसरली. मग एकेक जण बोलू लागली, आणि मी उठून आत गेलो.

त्या संध्याकाळी मी तिला मुंबईतल्याच एका अभ्यासाची हकीकत सांगितली. १९९८ साली टाटा स्मारक रुग्णालयाच्या डॉक्टरांनी वस्त्यांमधल्या १,५१,५३८ बायका निवडल्या आणि त्यांचे दोन गट केले. एका गटाची प्रशिक्षित आरोग्यसेविकांनी दर दोन वर्षांनी, कोणत्याही यंत्राशिवाय, नुसत्या हातांनी तपासणी केली. २०२१ साली निष्कर्ष प्रसिद्ध झाले. पन्नाशीपुढच्या बायकांत या रोगाने होणारे मृत्यू सुमारे तीस टक्क्यांनी कमी झाले होते. पन्नाशीच्या आतल्या बायकांत तसा फरक दिसला नाही, हेही त्यांनी प्रामाणिकपणे नोंदवले. आईने सगळे ऐकून घेतले आणि म्हणाली, "म्हणजे तुझ्या बहिणीनं तेलाच्या हातानं केलं तेच!"

२०२४ च्या दिवाळीत बहीण पुन्हा आली. पहाटे पाट मांडले. आई या वेळी कोणी न सांगताच पाटावर बसली. डोक्यावर बोटभर केस आले होते, पांढरे आणि कुरळे. पूर्वी ते सरळ होते. बहिणीचा हात खांद्यावरून काखेशी येऊन क्षणभर घुटमळला.

"थांबलीस का? नीट बघ," आई म्हणाली. "आणि माझं झालं की तू बस पाटावर. मग सूनबाई. आज मी सगळ्यांना लावणार आहे तेल."

आणि तिने उजवा हात वर केला. भिंतीवरच्या शेवटच्या पेन्सिलखुणेपेक्षाही तो चार बोटे वर गेला होता.