ती गोळी तिची नव्हती

स्पर्धेच्या रिव्हॉल्व्हरची नळी बदलणाऱ्या माणसाबद्दल माझं मत अनेक वर्षं ठाम होतं. ज्याचा हात कच्चा, तो नळी बदलतो. पैसे टाकून गुण विकत घेता येतात असं त्याला वाटतं, आणि कारखान्यातून नीट बनून आलेली वस्तू तो आपल्या अधीरपणापायी बिघडवतो. हे मी मनात ठेवत नव्हतो. क्लबात, चहाच्या टेबलावर, नवख्यांसमोर बोलत होतो. माझ्या बोलण्याला वजन होतं, कारण मी टूलरूममध्ये आयुष्य घालवलेला माणूस. माझ्या त्या मताचं काय झालं ते इथे लिहितो आहे.

मी मूळचा कोल्हापूरचा. नेमबाजी म्हटलं की आमच्या गावाची मान ताठ होते. 2010 साली म्युनिकला विश्वविजेती ठरलेली तेजस्विनी सावंत, 2018 च्या आशियाई स्पर्धेत 25 मीटर पिस्तूलचं सुवर्ण आणणारी राही सरनोबत, पॅरिस ऑलिंपिकमध्ये कांस्य मिळवणारा स्वप्नील कुसाळे, सगळे आमच्या जिल्ह्याचे. मी मात्र गावी असताना रेंजची पायरीही चढलो नव्हतो. हातात पहिलं रिव्हॉल्व्हर आलं ते ऑस्ट्रेलियात, मेलबर्नजवळच्या एका क्लबात, चाळिशी उलटल्यावर. तिथे सामान्य माणसाला हे शस्त्र मिळतं ते मुख्यतः खेळासाठी, तेही परवाना, उमेदवारीचा काळ, पोलिसांकडची नोंद आणि दरवर्षी ठरावीक स्पर्धांमधली हजेरी या अटींवर. स्वसंरक्षण हे कारण तिथे चालत नाही. मला हे पटलं. हत्यार म्हणून त्याची ओढ मला कधीच नव्हती. यंत्र म्हणून होती.

आमचा प्रकार डब्ल्यूए 1500. मुळात अमेरिकन पोलिसांच्या सरावातून आलेला, आता बऱ्याच देशांत नागरिकही खेळतात. 150 गोळ्या, प्रत्येकीला जास्तीत जास्त 10 गुण. अंतरं 7, 15, 25 आणि 50 यार्ड. खरी कसोटी 50 यार्डांची. 24 गोळ्या, वेळ 2 मिनिटं 45 सेकंद, त्यात बसून, पालथं पडून आणि आडोशाच्या डाव्या-उजव्या बाजूने मारायचं, मध्ये सिलिंडर भरायचं. जवळच्या अंतरावर निभावून जाणारी प्रत्येक चूक इथे कागदावर उघडी पडते.

माझं रिव्हॉल्व्हर स्मिथ अँड वेसनचं मॉडेल 14, सहा इंची नळीचं, .38 स्पेशल. 1957 साली कंपनीने मॉडेलांना क्रमांक दिले, त्याआधी हेच के-38 मास्टरपीस म्हणून विकलं जाई. माझं जुन्या बनावटीचं, म्हणजे नळी फ्रेममध्ये आट्यांवर कसून वर आडवी बारीक पिन ठोकलेलं. 1982 च्या सुमारास कंपनीने ती पिन बंद केली. निळसर काळा रंग, नळीवर बारीक रेघांची पट्टी. या वस्तूवर माझं प्रेम होतं, आणि त्या प्रेमाने माझे डोळे बांधले होते हे आज सरळ सांगतो.

50 यार्डांवर माझ्या सहा गोळ्यांपैकी चार नीट बसत आणि एकदोन कुठेतरी भरकटत. मी ते स्वतःवर घेत असे. आमच्या घरात दुसरं शिकवलंच नव्हतं. वडील फिटर होते. काम बिघडलं की मशीनकडे बोट दाखवायचं नाही, हा त्यांचा नियम. नाचता येईना अंगण वाकडे ही म्हण आम्ही इतक्या वेळा ऐकली होती की अंगण खरोखरच वाकडं असू शकतं, हा विचार मनाला शिवत नसे. माझे गुण माझ्यापुरते गेले असते तर या लिखाणाची गरज नव्हती.

पण मी ते रिव्हॉल्व्हर दुसऱ्याच्या हातात दिलं. क्लबात नाशिककडची एक तरुण नर्स येऊ लागली. मला दादा म्हणायची. स्वतःचं शस्त्र घेण्याआधीच्या काळात ती माझ्या देखरेखीखाली माझंच मॉडेल 14 वापरायची. तिचा हात शांत होता, रात्रपाळी करून आली तरी शांत. आणि तिने एक गोष्ट पहिल्यापासून काटेकोर केली, जी मी सांगत असे पण स्वतः टाळत असे. प्रत्येक गोळीनंतर दुर्बिणीतून कागद बघण्याआधी ती गोळी कुठे बसली असेल ते वहीत लिहायची. रेंजवर याला कॉल करणं म्हणतात. चाप सुटला त्या क्षणी पुढची साइट कुठे होती हे ज्याला दिसलं, त्यालाच कॉल करता येतो.

25 यार्डांवर तिचे कॉल आणि भोकं जुळत. 50 वर जुळत नसत. ती लिहायची, मध्यावर, किंचित उजवीकडे. भोक असायचं डावीकडे, खाली, कधी वर. एकदा तिने वही माझ्यापुढे धरली आणि म्हणाली, "दादा, ही गोळी माझी नव्हती."

मी तिला सगळ्यांसमोर काय म्हणालो ते मला शब्दशः आठवतं. "गोळी नेहमी आपलीच असते. डोळा खोटं बोलतो, कागद बोलत नाही."

तेच रिव्हॉल्व्हर, तोच हात, तोच डोळा. 25 वर खरं बोलणारा डोळा 50 वर खोटं का बोलेल, हा साधा प्रश्न मला पडला नाही. आयुष्यभर मोजमाप करून पोट भरणाऱ्या माणसाला पडला नाही. कारखान्यात एखाद्या भोकातून गेज फिरवल्याशिवाय मी तो जॉब पुढे जाऊ देत नसे, आणि माझ्या रिव्हॉल्व्हरच्या नळीतून मी कधी काही फिरवलं होतं? फक्त तेलाचं फडकं आणि ब्रश. ब्रशवरूनही कळायला हवं होतं. प्रत्येक स्पर्धेनंतर नळीच्या मागच्या भागात शिशाचा थर जमायचा आणि तो खरवडायला मी अख्खी संध्याकाळ घालवायचो. ती मेहनत मी निष्ठा समजत होतो. लोखंड मला दर आठवड्याला सांगत होतं आणि मी ते पुसून टाकत होतो.

गनस्मिथकडे मी गेलो ते नळीसाठी नव्हे. सिलिंडर किंचित उशिरा जागेवर येतं असा संशय होता, तेवढंच बघायचं होतं. म्हातारा, मितभाषी माणूस. त्याने सिलिंडर काढलं आणि न विचारताच मऊ शिशाची एक गोळी तेल लावून तोंडाकडून नळीत बसवली. पितळी दांडा लावला आणि हलक्या हाताने ढकलू लागला. थोडं ढकलून तो थांबला, दांडा माझ्या हातात दिला आणि म्हणाला, तू ढकल.

त्या दांड्यावर मला जे जाणवलं ते अजून तळहातात आहे. गोळी अगदी सुरेख सरकत होती. एकसारखा, जेमतेम विरोध. खाचांमधून तिचं फिरणंही कळत होतं. आणि मग ती अडली. नळी जिथे फ्रेममध्ये शिरते, नेमकी तिथे. मी जोर लावला, हलली नाही. त्याने छोटी हातोडी पुढे केली. चारपाच हलके ठोके दिल्यावर गोळी सिलिंडरच्या रिकाम्या जागेत पडली. त्याने ती मायक्रोमीटरमध्ये धरली. जवळजवळ दीड थाऊ, म्हणजे इंचाचे दीड हजारांश, एवढी ती आवळली गेली होती.

मी दांडा धरून तसाच उभा राहिलो. मनातल्या मनात गोळीचा प्रवास उलटा केला, कारण उडताना ती मागून पुढे जाते. म्हणजे स्पेशलची ती सपाट तोंडाची, मऊ शिशाची 148 ग्रेनची गोळी सिलिंडरमधून निघून पहिल्याच अर्ध्यापाऊण इंचात चिमटली जात होती. त्यापुढचा सगळा मार्ग तिला सैल होता. खाचांवर तिची पकड ढिली, बाजूने गरम वायू निसटणार, शिसं वितळून नळीला चिकटणार. जवळच्या अंतरावर एवढी ढिलाई खपते. 50 यार्डांवर ती उघडी पडते. ज्या गोळीला मी त्या मुलीची चूक म्हणत होतो, ती नळीच्या पहिल्या इंचातच बिघडलेली होती.

त्याने कारणही सांगितलं. कधीतरी कुणीतरी ही नळी फ्रेममध्ये गरजेपेक्षा जास्त जोराने कसली होती. आट्यांचा दाब आत उतरतो आणि तिथलं भोक आकसतं. बाहेरून काही दिसत नाही.

तिथल्या तिथे मला आठवली ती वही. तिच्यातली बारीक अक्षरं. डोळा खोटं बोलतो, असं मी त्या मुलीला सांगितलं होतं.

घासून तो भाग मोकळा करता आला असता. पण नळीच्या मागच्या तोंडाचा उतार, ज्यातून गोळी सिलिंडरमधून नळीत शिरते तो फोर्सिंग कोनही एका बाजूला झिजलेला निघाला. नळी बदलायचं मी ठरवलं. सोपं गेलं नाही. पिन बाहेर आली तेव्हा पोटात कालवलं. मूळ नळी गेली की हे रिव्हॉल्व्हर संग्राहकाच्या लेखी अर्ध्या किमतीचं, हे मला ठाऊक होतं. ते खेळासाठी घेतलं होतं की कपाटासाठी, हे मात्र मी स्वतःला पहिल्यांदाच विचारलं.

काम बघायला त्याने मला बसू दिलं. नवी नळी एक इंच व्यासाची, जाड, तोंडाशी वजन देणारी, आतल्या खाचांचा पीळ मूळ नळीपेक्षा जलद, कारण ती बोथट गोळी लांबवर स्थिर राहायला जास्त फिरकी मागते. जुनी नळी काढताना फ्रेमच्या आकाराचे ठोकळे लावलेला खास पाना. फ्रेमच्या खिडकीत दांडा घालून पिळणाऱ्यांनी किती फ्रेम वाकवल्या असतील कोण जाणे. मग नव्या नळीचा खांदा. या आट्यांचा हिशोब इंचाला 36, म्हणजे एका फेऱ्यात नळी सुमारे 28 थाऊ आत जाते. खांद्यावरून एक थाऊ उतरवला की नळी 13 अंश जास्त फिरते. पुढची साइट बरोबर बाराच्या काट्यावर यायला हवी आणि ती जोराने आणायची नाही, खांदा उतरवून आणायची. जोराने आणली तर जुन्या नळीचाच आजार नवीला लागतो. म्हणून तो पुन्हा पुन्हा लेथवर जात होता, एवढासा पापुद्रा काढत होता, हाताने कसून बघत होता. इतकं संयमी काम मी कारखान्यातही क्वचित पाहिलं आहे. आणि हे काम करवून घेणाऱ्यांना मी अधीर म्हणत होतो.

शेवटी नळीचं मागचं तोंड सिलिंडरपासून चारपाच थाऊवर आणलं, फोर्सिंग कोन 11 अंशांचा कापला, आणि पुन्हा शिशाची गोळी आतून ढकलली. या वेळी ती शेवटपर्यंत एकाच चालीने गेली.

रेंजवर काय झालं? माझे गुण फार वाढले नाहीत. हे मुद्दाम लिहितो, कारण नळीने गुण विकत मिळतात हे माझं जुनं म्हणणं होतं. भरकटणाऱ्या गोळ्या कमी झाल्या आणि ज्या उरल्या त्या एकाच जागी जाऊ लागल्या. आडोशाच्या डाव्या बाजूने, डाव्या हाताने मारताना, खाली उजवीकडे. म्हणजे चाप ओढताना मी डावं मनगट दाबतो. इतकी वर्षं ही माझी खरी चूक नळीच्या चुकांत मिसळून गेली होती, म्हणून मला ती दिसलीच नाही. चूक स्वतःवर घेण्याचा मला अभिमान होता, पण कोणती चूक घेतो आहे हेच मला माहीत नव्हतं. त्यात नम्रता नव्हती. तपासायचा कंटाळा होता, आणि त्याला मी संस्कार म्हणत होतो.

तिला बोलावलं. पूर्वी जे मी सगळ्यांसमोर बोललो होतो, त्याची माफी सगळ्यांसमोर मागितली. तिने 50 यार्डांवर सिलिंडर रिकामं केलं, वहीत कॉल लिहिले, मग दुर्बीण लावली. सगळे जुळले असं नाही, पण जे चुकले तेही शेजारीच होते. ती हसली नाही. म्हणाली, "दादा, कितीतरी दिवस मी माझ्याच डोळ्यांवर संशय घेतला. वॉर्डात सुई टोचतानासुद्धा." यावर माझ्याकडे उत्तर नव्हतं आणि आजही नाही.

नवख्यांना शिकवणाऱ्या क्लबातल्या ज्येष्ठांना एक विनंती आहे. कुणी उसनं शस्त्र घेऊन मारत असेल आणि "ही गोळी माझी नव्हती" म्हणाला, तर उपदेशाआधी त्याची वही मागा. कॉल जवळ जुळत असतील आणि लांब जुळत नसतील, तर ते रिव्हॉल्व्हर जाणत्या गनस्मिथच्या टेबलावर ठेवा आणि नळीतून शिशाची गोळी ढकलून बघायला सांगा. या कामाला अर्धा तासही लागत नाही.