चुकलो रे

आमच्या घरी पंडिता रमाबाईंचे मराठी बायबल आहे. त्या १९२२ साली गेल्या. ग्रंथ १९२४ साली केडगावच्या मुक्ती मिशनात छापून झाला. एवढी संस्कृत जाणणारी विदुषी, हिब्रू-ग्रीक शिकली, आणि अल्पशिक्षित बायांना कळावेत असे साधे शब्द शोधीत बसली!

आणि मी? मॅट्रिक झालेला मास्तर. सकाळी तोच ग्रंथ वाचून शाळेत गेलो नि शुद्धलेखन चुकले म्हणून एका पोराला भरवर्गात 'मठ्ठ' म्हणालो. त्याने वही मिटली.

रात्रभर ती मिटलेली वही डोळ्यांपुढे. दुसऱ्या दिवशी त्याच्या बाकाशी गेलो. "चुकलो रे." (नवऱ्याने बायकोला हे म्हणणे त्याहून अवघड, पण ते असो.)

पोराने वही उघडली.

"गुरुजी, 'प्रीती'तला 'ती' ऱ्हस्व की दीर्घ?"