बंद डब्यातला पाणक्या

सकाळी संगणक सुरू केला की पहिले काही क्षण त्यातल्या लिक्विड कूलरचा घसा खरखरतो. पंपाशी अडकलेला हवेचा बुडबुडा निघून रेडिएटरच्या वरच्या कोपऱ्यात जाऊन बसतो. मग दिवसभर त्याचा आवाज ऐकायचा तर कॅबिनेटला कान लावावा लागतो. कुरुंद्यातल्या आमच्या स्टुडिओत ज्या संगणकावर लग्नांचं मिक्सिंग चालतं, त्याच्या प्रोसेसरवर हा बसलाय. तळहातावर मावेल एवढा पंप, दोन काळ्या रबरी नळ्या आणि दोन पंख्यांचा 240 मिलिमीटरचा रेडिएटर, एवढाच त्याचा संसार.

काम पाणक्याचं. इथून उचलायचं, तिथे नेऊन ओतायचं, परत यायचं. पाणक्या पाणी वाहतो, हा पाण्याकरवी उष्णता वाहतो. या कामात पाण्याला तोड नाही: एक लिटर पाणी एका अंशाने तापायला जेवढी उष्णता लागते, तेवढ्यात सुमारे साडेतीन हजार लिटर हवा एका अंशाने तापते.

पण पाण्याशी या गावाचा हिशेब वेगळा आहे. 2022 च्या जुलैत पुराचं पाणी कुरुंद्यात घराघरांत शिरलं होतं. त्यामुळे संगणकात पाणी आहे म्हटलं की माणसं दचकतात. ‘दादा, आतमधी पाणी फिरायलंय म्हणता, फुटलं तर?’ हा प्रश्न रास्त आहे. गळती क्वचित होते, पण झाली तर खालचं ग्राफिक्स कार्ड जाऊ शकतं. म्हणून नळ्यांचे सांधे मी नियमाने हात फिरवून पाहतो. विचारणाऱ्याला पुण्याचं उदाहरणही देतो. तिथल्या आयसर संस्थेत 2019 साली बसवलेला ‘परम ब्रह्म’ हा महासंगणकही द्रवाने थंड ठेवलेला आहे. मग माणूस खुर्ची जवळ ओढतो आणि पुढचं विचारतो, ‘यात बोअरचंच पाणी टाकता का?’ टाकायचं नाही. आपल्या बोअरच्या पाण्यात क्षार किती, ते हंड्याच्या तळाला दिसतं. याच्या पोटात प्रोसेसरला टेकलेली पट्टी तांब्याची आणि रेडिएटर ॲल्युमिनियमचा. साध्या पाण्यात या दोन धातूंचं जमत नाही, ॲल्युमिनियम झिजतं. म्हणून कंपनी गंजरोधक मिसळलेलं पाणी भरून त्याला कायमचं बंद करते.

त्याला खरा त्रास होतो तो हळदीचा. वसमतच्या या पट्ट्यात फेब्रुवारी-मार्चात हळद निघते, शिजते, वाळते आणि मग पॉलिशच्या ड्रममध्ये फिरते. त्या दिवसांत बारीक पिवळी धूळ खिडकीच्या फटीतूनही आत येते. रेडिएटरच्या पात्यांवर तिचा थर बसतो. थेट समोरून ब्लोअर मारला तर तो आणखी आत दाबला जातो. म्हणून पंखे काढून, हवेच्या उलट दिशेने, मऊ ब्रशने आणि हलक्या हाताने काढावा लागतो. पाती कागदासारखी पातळ, बोटाचा दाब पडला तरी वाकतात.

मे महिन्यात लग्नं रांगेने लागतात, पारा 42 च्या आसपास असतो आणि रेंडर चालू असताना प्रोसेसर 90 च्या वर जातो. मग जो तो सल्ला देतो: तीन पंख्यांचा 360 चा घ्या. मीही त्याच विचारात होतो. पण हा जानेवारीतही हाच असतो, आणि तेव्हा त्याच्याबद्दल कुणाची तक्रार नसते. बदललेली असते ती खोली. रेडिएटर कितीही मोठा घेतला तरी त्यातलं पाणी खोलीच्या हवेपेक्षा थंड होत नाही. 360 ने फार तर चार-पाच अंश उतरतील. दुपारची आमची खोली तेवढी एका तासात तापते.

हवेच्या खाली उतरण्याची कला त्या दुसऱ्या पाण्याला येते, खिडकीतल्या पत्र्याच्या कूलरमधल्या. ते वाफ होऊन जातं आणि जाताना उष्णता घेऊन जातं. दोनशे वॅटचा प्रोसेसर तासभर पूर्ण ताकदीने चालला तर त्याची सगळी उष्णता जेमतेम 300 मिली पाण्याच्या वाफेत जिरते. मे महिन्याच्या कोरड्या हवेत वाळ्याची जाळी नवी असली आणि समोरचं दार उघडं असलं, तर खोली आठ-दहा अंश सहज उतरते. झोत मात्र थेट कॅबिनेटवर सोडायचा नाही. पावसाळ्यात दमट हवेत हा उपाय निकामी होतो, पण तेव्हा ऊनही ओसरलेलं असतं.

राहता राहिलं वय. रबरी नळ्यांतून पाणी वर्षानुवर्षं कणाकणाने उडत असतं. सकाळची ती खरखर पूर्वीपेक्षा थोडी लांबलीय, ती त्यामुळेच. बुडबुडा मोठा होतोय. रेडिएटर कॅबिनेटच्या वरच्या बाजूला बसवलाय म्हणून तो बुडबुडा शेवटी तिथेच जाऊन थांबतो. पंप सगळ्यात उंचावर असता तर हवा त्याच्यात शिरून तो कोरडा फिरला असता. पंपाच्या फेऱ्यांचा आकडा स्क्रीनवर दिसतो, अजून स्थिर आहे. तो डगमगायला लागला की दुरुस्तीचा प्रश्नच नाही, सगळा संच एकत्र बदलायचा. तेव्हाही 240 चाच घेईन. या वर्षी प्रोसेसरवरची पेस्ट, दोन पंखे आणि कूलरची जाळी एवढंच बदलायचं ठरवलंय, हळदीचं पॉलिश आटोपल्यावर आणि पहिल्या लग्नाचं काम हातात येण्याआधी.