कोटणीसांच्या शहरात चार दिवस

चीनची सहल म्हटली की आपल्यासमोर बीजिंगजवळची भिंत आणि शांघायचे मनोरे येतात. आदिलाबादहून निघणाऱ्या आमच्या कुटुंबासाठी मी मात्र शिजियाझ्वांगचा बेत आखला आहे. हपेई प्रांताच्या या राजधानीतील हुतात्मा स्मशानभूमीत सोलापूरच्या डॉ. द्वारकानाथ कोटणीसांची समाधी आहे.

जपानी आक्रमणाशी झुंजणाऱ्या चीनला काँग्रेसने १९३८ मध्ये पाच डॉक्टर पाठवले. त्यांत आपल्या शेजारच्या नागपूरचे डॉ. चोळकरही होते. इतर चौघे मायदेशी परतले. कोटणीस युद्धभूमीवरच्या बेथून रुग्णालयाचे संचालक झाले. क्वो छिंगलान या परिचारिकेशी त्यांनी लग्न केले. मुलाचे नाव ठेवले यिनह्वा, म्हणजे भारत-चीन. ९ डिसेंबर १९४२ रोजी, अवघ्या ३२ व्या वर्षी, ते गेले.

२०२० मध्ये गलवानला रक्त सांडले, तेव्हापासून "चीनला कशाला?" असे घरोघरी विचारले जाते. प्रश्न रास्तच आहे. पण सरकारांचे भांडण वेगळे आणि परक्या माणसाची समाधी जपणारी माणसे वेगळी. मुलांना हा फरक पुस्तकातून कळत नाही.

बंद पडलेली थेट विमानसेवा ऑक्टोबर २०२५ मध्ये कोलकाता-ग्वांगझू मार्गाने पुन्हा सुरू झाली. आपल्याला आधी नागपूर किंवा हैदराबाद गाठावे लागते. बीजिंगला उतरल्यास वेगवान रेल्वेने शिजियाझ्वांग सुमारे सव्वा तासावर आहे. एप्रिलचा पहिला आठवडा उत्तम. ४-५ एप्रिलच्या सुमारास छिंगमिंग येतो. आपल्या पितृपक्षासारखा हा पूर्वजांच्या स्मरणाचा दिवस; लोक समाध्या झाडून फुले वाहतात.

पहिला दिवस समाधीसाठी, दुसरा हपेई संग्रहालयासाठी. तिसऱ्या दिवशी जवळच्या चंगतिंग गावातले लोंगशिंग मंदिर. तिथली क्वानयिनची उंच कांस्यमूर्ती म्हणजे आपल्या वेरूळ-अजिंठ्यातला अवलोकितेश्वरच! चौथ्या दिवशी सुमारे १४०० वर्षांपूर्वीचा चाओचौचा दगडी पूल.

आता जेवणाचे. उत्तर चीन हा गव्हाचा आणि भरडधान्याचा मुलूख. सकाळी राळ्याची पेज मिळते. कन्नडमध्ये नवणे, आपल्या तेलुगू शेजाऱ्यांचे कोर्रलु. शिवाय तीळ लावून भट्टीत भाजलेली रोटी, हाताने ओढलेल्या शेवया, टोफू. ज्वारी तिथेही पिकते, पण तिची दारू आणि व्हिनेगर होते. भाकरीची आशा ठेवू नये. शाकाहारींनी "मी मांस, मासे, अंडी खात नाही" हे चिनी लिपीत लिहून जवळ बाळगावे. रोटीत गाढवाचे मांस भरून देणे ही या प्रांताची खासियत, म्हणून विचारूनच घ्यावे!

निघण्यापूर्वी मुलांना सोलापूरला नेऊन कोटणीसांचे जन्मघर दाखवणार आहे. २०१२ मध्ये तिथे स्मारक झाले. येताना शेंगाचटणीचे एक पाकीट घेऊ. राळ्याच्या पेजेबरोबर ती नक्की जमेल.